घोटीच्या लाल गाडीचं दर्शन

मिरजेहून निघताना माझ्या पिशवीत भडंगाचा डबा होता आणि डोक्यात रामकुंड, त्र्यंबक, पांडवलेणी असा चारचौघांसारखा बेत होता. एसटीनं पुणं, तिथून दुसरी एसटी, आणि संध्याकाळी नाशिकचं स्टँड. उतरल्यावर पहिलं काय दिसलं म्हणाल, तर गोदावरी नाही की देवळाचा कळस नाही. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी दिसले. त्यांनी माझी पिशवी घेतली, प्रवास कसा झाला हे काही विचारलं नाही, आणि म्हणाले, "सुमन, उद्या लवकर आवर. घोटीला गाडीच्या दर्शनाला जायचंय."

ही कसली गाडी, ते ताईनं कणीक मळता मळता सांगितलं. सत्तरच्या आगेमागे नाशिकबाहेरच्या एका माळावर मोटारगाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. शर्यतीच्या म्हणून वेगळ्या गाड्या नव्हत्या. आठवडाभर जी भाडी मारायची, नवरानवरी न्यायची, तीच गाडी रविवारी दारं सुतळीनं बांधून माळावर गोल गोल पळायची. घोटीचा किसन नावाचा टॅक्सीवाला लाल गाडी पळवायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा. पुढं गाड्या बदलल्या, नवी माणसं आली, किसननं शर्यत सोडली. भावोजी आणि त्यांचे दोन मित्र मात्र काही सुटले नाहीत. दर मार्गशीर्षात ते घोटीला जाऊन त्या लाल गाडीला हार घालून येतात.

"तू नाही जात?" मी विचारलं.

"मला घरातला एक जुना माणूस सांभाळायला पुरे आहे," ताई म्हणाली. "तू जा. तुला लिहायची खाज आहे, काहीतरी सापडेल."

सकाळी दाराशी नानांची गाडी आली. नाना येवल्याच्या पैठण्या विकतात आणि स्वतः कायम सुरकुतलेल्या शर्टात असतात. मागच्या सीटवर बापू, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. त्यांच्या मांडीवर झेंडूचा हार होता आणि माझ्या मांडीवर नारळ आला. भावोजी पुढं बसले. गाडी हायवेला लागायच्या आतच पूर्वीचे दिवस सुरू झाले.

"हल्लीच्या शर्यती बघवत नाहीत," बापू मला म्हणाले. "डोक्याला पातेलं, अंगाला पट्टे. माणूस गाडी चालवतोय की दाताच्या डॉक्टरकडं बसलाय, कळत नाही. आणि त्या नव्या गाड्या, साबणाच्या पेट्या नुसत्या."

"शेवटची शर्यत कधी बघितलीत तुम्ही?"

"बघायला कशाला जायचं? कळतंच की."

शर्यतीचा सुवर्णकाळ संपला यावर तिघांचं एकमत होतं. तो नेमका केव्हा संपला यावर मात्र विल्होळीपर्यंत भांडण चाललं. नानांच्या मते मैदानाभोवती दोर बांधला तेव्हा. "पूर्वी गाडी थेट अंगावर यायची," ते हळहळून म्हणाले. "केवढी जवळीक होती." बापूंच्या मते लाउडस्पीकर आला तेव्हा. भावोजी म्हणाले, लोकांना बसायला खुर्च्या ठेवल्या त्या वर्षीच सगळं संपलं. मी परत आल्यावर ताईला विचारलं, तर त्याच वर्षी यांचं लग्न झालेलं निघालं.

धुळीवर तर बापू इतकं सुंदर बोलले की काय सांगू. ती धूळ, तिचा वास, घरी गेल्यावर दोन दिवस दातांखाली येणारी कचकच. आता म्हणे मैदानावर पाणी मारतात. हे चाललं असताना मालेगावकडून आलेला एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि धूळ आत आली. बापूंनी ताबडतोब काच वर केली आणि रुमाल नाकाला लावला.

विल्होळीच्या पुढं आमची गाडी बंद पडली. मी पदर खोचून ढकलायला उतरले. माझ्या शेजारी बापू दोन बोटं डिकीला टेकवून चालत होते. "पूर्वीच्या गाड्या अशा बंद पडत नव्हत्या," ते म्हणाले. स्टिअरिंगवरून नाना ओरडले, "अहो, ही पूर्वीचीच आहे." बापूंनी क्षणभर विचार केला. "म्हणूनच तर ढकलल्यावर चालू होते," ते म्हणाले. आणि ती झालीही.

वाडीवऱ्हेला मिसळ खाल्ली. आमच्याकडच्यासारखा लालभडक कट नव्हता, काळ्या मसाल्याचा रस्सा होता, आणि मला तो फार आवडला. तिघांनी अर्थातच सांगितलं की पूर्वी चव वेगळी होती. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापलेली खाचरं (बांध घातलेली भातशेतं) लागली, पिवळट, कोरडी, मधून मधून पेंढ्याच्या उडव्या. लांबवर कळसूबाईचा डोंगर उभा. मला थांबून बघायचं होतं. भावोजी म्हणाले, डोंगर काय, परत येतानाही असेल.

किसनरावांचं घर घोटीच्या बाहेर, एका उतारावर होतं. दोन खोल्या, पुढं अंगण, बाजूला पत्र्याची शेड. अंगण नुकतंच सारवलेलं होतं आणि दारात रांगोळी होती. "बघ, आपलं स्वागत," भावोजी मला हळूच म्हणाले. इतक्यात किसनरावांच्या पत्नी चंद्राबाई बाहेर आल्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला.

"आजच यायचं होतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

पुरुष मंडळी शेडकडं गेली. मी चुलीपाशी टेकले, तेव्हा चंद्राबाईंनी मला सगळं सांगितलं. मुलाचं, बाळूचं, लग्न जमत आलं होतं. मुलगी वैतरण्याकडची, चांगली, सातवी शिकलेली. तिच्या घरच्यांनी एकच गोष्ट पहिल्यापासून सांगितली होती: पोरीला स्वतंत्र खोली पाहिजे. दोन खोल्यांत सासू, सासरा, आजेसासू आणि दोन नणंदा. राहता राहिली ती शेड, तर तिच्यात गाडी. आणि आज दुपारी मुलीचा बाप आणि आत्या घर बघायला येणार होते.

"भंगारवाल्याला आणायला बाळू गेलाय गावात," त्या म्हणाल्या. "त्याचा अजून पत्ता नाय. आणि आता हे तुमचे लोक. बाई, ही सोयरीक मोडली तर माझा पोरगा परत उभा राहायचा नाय. आधीच दोन मोडल्यात याच शेडपायी."

मी शेडकडं गेले. गाडी लाल होती, म्हणजे गंजाखाली असणार. हार घालून झाला होता. तिघं डोळे मिटून बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

"अजून धग जाणवते," भावोजी म्हणाले.

बॉनेटखालून कोंबडी बाहेर आली. जाड भिंगांचा चष्मा आणि पायजमा घातलेल्या, अगदी शांत अशा किसनरावांनी बॉनेट उचललं. आत पेंढ्यात अंडी होती. इंजिन नव्हतं.

"इंजिन कुठाय?" नानांनी वाकून आत बघितलं.

"ते गेलं की. पलीकडं भाताच्या गिरणीला लावलंय. लय दिवस झालं."

"पण गेल्या वर्षी मी आवाज ऐकला होता," भावोजी म्हणाले. "मी सगळ्यांना सांगितलं होतं तेव्हा."

"गिरणीचा असंल."

याच वेळी चंद्राबाई येऊन म्हणाल्या की गाडी आज काढायची आहे. मग जो गहजब झाला तो काय वर्णावा. हा ठेवा आहे, हा इतिहास आहे, नाशिक जिल्ह्याचं भूषण आहे. बापूंना तर बोलता बोलता हुंदका आला. चंद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर कमरेला खोचला.

"मंग न्या. आत्ता न्या. ज्याला लय जीव हाय तिच्यावर, त्यानं घरी न्या."

तिघंही एकेक पाऊल मागं सरकले. बापू दुसऱ्या मजल्यावर राहत होते. नानांच्या परसात माल होता. भावोजींनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या ताईला विचारावं लागेल."

"मी सांगते तिला," मी म्हटलं.

"नको. तसं नको."

"इतके दिवस ठेवलीत तरी कशाला?" मी किसनरावांना विचारलं. खरं सांगायचं तर माझा पारा चढला होता.

ते ओशाळले. "दरसाल येतात ही मंडळी. एवढ्या लांबून येतात, हार घालतात, डोळ्यात पाणी आणतात. काढून टाकली तर यांना काय दाखवू?"

तोवर पाहुणे आलेच. मुलीचा बाप म्हादू, मोठ्या मिशांचा, आणि त्याची थोरली बहीण, काटकुळी, करारी. बाळूचा आणि भंगारवाल्याचा पत्ता नव्हता. चंद्राबाईंनी पाहुण्यांना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं, आणि शेड त्यांच्या पाठीमागं राहील असं बघितलं. पण आत्या घर बघायलाच आली होती. तिनं वळून बघितलं आणि तिच्याबरोबर म्हादूनंही.

"ही किसनची लाल गाडी का काय?" तो उठलाच. "आरं देवा. मी झाडावर बसून बघायचो हिला."

भावोजींनी त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली. चौघं गाडीभोवती गोळा झाले. दोर, लाउडस्पीकर, खुर्च्या, सगळं पहिल्यापासून सुरू झालं. म्हादू म्हणाला, झाडं तोडली तिथंच शर्यत संपली. मग त्यानं छाती पुढं काढून जाहीर केलं, "ही गाडी मोडायची नाय. माझ्या जावयाच्या दारात ही पाहिजेच."

चंद्राबाईंनी कपबशांचा ट्रे माझ्या हातात कोंबला. मी तो आत्यापुढं धरला.

"मंग पोरगी कुठं निजणार?" आत्या म्हणाली. "गाडीत?"

म्हादूचा हात मिशीकडं गेला. आत्यानं चहाला हात लावला नव्हता. तिनं पायात चपला सरकवल्या. "चल म्हादू. दुसरं घर बघू."

किसनराव इतका वेळ खाली बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, शेडमध्ये गेले, चाकांखालचे दगड पायानं सारले. दार सुतळीनं बांधलेलं होतं, म्हणून त्या वयात खिडकीतून आत शिरले. चष्मा काढून खिशात घातला. चष्मा काढलेला बघून मी अंगणातून बाजूला झाले.

"बापू," ते म्हणाले, "ढकला."

आणि बापूंनी ढकलली. दोन बोटांनी नव्हे, सगळं अंग लावून. भावोजी, नाना, म्हादू, सगळ्यांनी लावलं. दर वर्षी हात जोडायला येणाऱ्या या माणसांना किसनरावांनी आजवर कधी काही काम सांगितलं नव्हतं. गाडी कुरकुरली, हलली, सारवलेलं अंगण उकरत बाहेर आली आणि उताराला लागली. कोंबड्या चहूकडं उडाल्या. किसनरावांनी चुलाण्याला वळसा घातला, मग पेंढ्याच्या उडवीला घातला. इंजिन नसलेली ती गाडी झेंडूचा हार उडवत, एकही आवाज न करता खाली धावत होती आणि तिच्यामागं धुळीत चार म्हातारी होत चाललेली माणसं जिवाच्या आकांतानं पळत होती. बांधावर ती उडाली. खाली खाचरात जाऊन रुतली आणि थांबली.

किसनराव खिडकीतून बाहेर आले आणि गुडघे चोळत तिथंच बसले. वरून मला त्यांचं हसू दिसत होतं.

आत्यानं मात्र खाली बघितलंही नाही. ती सरळ रिकाम्या शेडमध्ये गेली होती. तिनं पत्रा बघितला, कुडाला हात लावून बघितला, पावलं टाकून लांबी बघितली. मग बाहेर येऊन घोंगडीवर बसली आणि चहाचा कप उचलला.

"चुना मारून घ्या तेवढा," ती चंद्राबाईंना म्हणाली. "पोरीला आवडंल."

चंद्राबाई रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. जेवायला नव्या तांदळाचा भात, उडदाचं वरण आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी होती. बाळू भंगारवाल्याला घेऊन उगवला तेव्हा पंगत मांडली होती. चौघं पुरुष अजून खाचरात उभे होते. गाडी बांधावरून उडाली तेव्हा पुढची चाकं आधी टेकली की मागची, यावर त्यांचं जुंपलं होतं.

संध्याकाळी परत निघालो. कळसूबाई खरोखरच जागेवर होती, पण अंधारून आल्यामुळं नीट दिसली नाही. गाडीतल्या बाकीच्या मंडळींना ती दिसायचा प्रश्नच नव्हता. दुपारची गाडीची उडी वाडीवऱ्ह्यापर्यंत बांधभर उंच होती, विल्होळीपर्यंत पुरुषभर झाली. बापू हळवे होऊन म्हणाले, "आता असलं बघायला मिळायचं नाही. ते दिवस गेले." ते दिवस म्हणजे आजची दुपार.

प्रवासाला निघालं की माणूस काय काय बघायचं ठरवतो. मी नाशिकला येऊन रामकुंड अजून बघितलं नव्हतं, पण पत्र्याच्या शेडमध्ये पावलं टाकून संसाराची लांबी मोजणारी एक बाई बघितली, आणि मिरजेला परतल्यावर पहिलं तेच सांगायचं मी ठरवलं. पांडवलेण्यांचा डोंगर मागं पडला तेव्हा मला वाटलं, या तिघांनाही गोड बातमीवर घरी जाऊ द्यावं.

"बरं का भावोजी," मी म्हटलं, "लग्न ठरलं हं."

भावोजींनी मागं वळून बघितलं.

"कुणाचं?" ते म्हणाले.