ठराव अमेरिकेसाठी होता

किस्से गोळा करायला काही लोक कुठे कुठे फिरतात म्हणे. मला कधी कॉलनीच्या गेटबाहेर जावं लागलं नाही. यवतमाळात दारव्हा रोडला आमची कॉलनी, कॉलनीत आमचं महिला मंडळ, आणि मंडळाचा महिन्यातून एकदा पिक्चर. एवढ्यावर माझं छान भागतं. एक किस्सा सांगून होत नाही तोवर दुसरा दारात चप्पल काढून उभा असतो. त्यातले बरेच मी पचवून टाकते. पण त्या अमेरिकेतल्या मोलकरणीच्या पिक्चरनंतर जे घडलं, ते पोटात ठेवणं माझ्या तब्येतीला झेपायचं नाही. तेव्हा ऐका.

*

आधी ठरावांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

पाठक मॅडम आमच्या अध्यक्ष. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झाल्या. त्या झाल्या, त्यांचं राज्यशास्त्र नाही झालं. त्यांच्याच हॉलमध्ये पडदा लागतो. पिक्चर संपला की चर्चा, चर्चा संपली की ठराव, ठरावावर हात वर, आणि मगच चिवड्याचा डबा उघडतो. त्यामुळे आमच्याकडे आजवर एकही ठराव पडलेला नाही.

एकदा समुद्रातल्या माशांवरचा पिक्चर पाहिला. लगेच समुद्रात तेल सांडणाऱ्या जहाजांचा तीव्र निषेध! यवतमाळात ना समुद्र, ना जहाज. राऊत वहिनींनी तर जन्मात एकदाच समुद्र पाहिला, तोही ओहोटीचा. तरी निषेध एकमताने.

मग लढाईचा पिक्चर झाला. दोन्ही देशांनी ताबडतोब युद्ध थांबवावं, असा ठराव. पुढच्या महिन्यात सबनीस काकूंनी भाबडेपणाने विचारलं, "थांबलं का हो?"

मॅडम म्हणाल्या, "आपण आपलं काम केलं."

मंडळाच्या ठरावाने कधी कोणाला काडीचा त्रास झाला नाही, ही आमची ख्याती. आता ती गेली.

*

शोभा आमच्यातल्या चार घरी काम करते. मॅडमकडे, राऊत वहिनींकडे, सबनीस काकूंकडे आणि माझ्याकडे. पिक्चरच्या दिवशी खुर्च्या लावणं, चहा करणं, कप विसळणं हेही तिचंच. बोलायला शांत, पण एकदा बोलली की समोरच्याला उत्तर लवकर सापडत नाही.

तिची मुलगी कोमल, एकुलती एक. दहावीला चांगले मार्क पडले, वणीच्या कॉलेजात सायन्सला नंबर लागला, तिथेच मुलींच्या होस्टेलात राहते. होस्टेलात भेटायला फक्त रविवारी सोडतात, तेही दुपारपर्यंत. आणि रविवार म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांचा, पुरणाचा नाहीतर मटणाचा वार. कॉलेज उघडलं तेव्हा शोभाने पोरीला तिथे सोडलं, त्यानंतर दिवाळी तोंडावर आली तरी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

"एक रईवार देता का जी?" ती विचारायची. राऊत वहिनी म्हणायच्या, "या रईवारी पाव्हणे हायेत वो." सबनीस काकू म्हणायच्या, "पुढच्या रविवारी बघू." मी दोन्ही म्हणायचे.

एकदा माझ्याकडे ओटा पुसता पुसता म्हणाली, "पोरगी फोनवर सांगते, आई, कामात असशीन तं नको येऊ. आली नाई म्हणून भांडली असती तं बरं वाटलं असतं. समजून घेते ना, थे जास्त लागते."

मी चहा टाकला.

*

तर पिक्चर. जुन्या काळची अमेरिका. गोऱ्या मालकिणीचा भला मोठा बंगला, त्यात एक काळी मोलकरीण. स्वयंपाक तीच करते, लेकरं तीच वाढवते, पण बिचारीला बसायला खुर्ची नाही. शेवटी कोर्टात मालकिणीच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहते. बोलणं सगळं इंग्रजी, म्हणून मॅडम बाजूला उभ्या राहून मराठीत सांगत होत्या.

सुरुवातीलाच ती बाई काम मागायला येते. मालकीण तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि विचारते, तू कुठली, तुझी आई कोणाकडे होती, तुमची माणसं कुठे राहतात?

राऊत वहिनी एकदम खुलल्या. "हे तं माह्यासारखंच विचारून राह्यली वो!" वहिनींचं घर आर्णीकडचं, कापूस-तुरीची शेती. त्या कोणालाही कामाला ठेवण्याआधी आडनाव विचारतात, आडनावावरून नाही कळलं तर गाव, गावावरून नाही कळलं तर माहेर.

"वहिनी, श्श!" मॅडम म्हणाल्या. "याला वर्णद्वेष म्हणतात."

"मंग आपण विचारतो त्याले?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "ती चौकशी."

*

अर्ध्या पिक्चरमध्ये ती मोलकरीण जेवायला बसते. बसते कुठली, उभीच. आणि तिची थाळी वेगळी, कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलेली. हॉलभर हळहळ. सबनीस काकूंचे डोळे तर घळाघळा वाहायला लागले.

"काय गं ही माणसं! जेवण तिच्या हातचं चालतं, थाळी तेवढी वेगळी. शोभा, नॅपकिन आण गं."

शोभा दाराला टेकून तोच सीन बघत होती. ती नॅपकिन आणायला गेली. आणला, तोवर सीन संपला होता. मग चहा. ट्रेमध्ये फुलाफुलांचे कप आले. सगळ्या एका सुरात त्या वेगळ्या थाळीबद्दल बोलत होत्या.

"तूही घे गं शोभा," मॅडम प्रेमाने म्हणाल्या. "तुझा ग्लास खिडकीत आहे."

"हो जी," शोभा म्हणाली. "माहीत हाये. तिथंच असते."

मी कपात बघत राहिले. सबनीस काकूंनी पुन्हा नॅपकिन मागितला.

*

उत्तरार्धात त्या मोलकरणीवर फारच अन्याय होतो. मालकीण सर्वांदेखत तिचा अपमान करते. आम्ही सगळ्या नुसत्या धुमसत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोलकरीण चांगला झगा घालते, डोक्यावर हॅट ठेवते, लेकीचा हात धरते आणि ऐटीत चर्चला निघते.

दारातून शोभाचा आवाज आला. "हे कुठी चालली?"

"चर्चला," मॅडमनी सांगितलं. "रविवार आहे ना."

"आन् काम?"

"रविवारी तिला सुट्टी असते."

शोभा पडद्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर त्या बाईबद्दल जी काय दया होती, ती एका क्षणात गेली.

"दर रईवारी?"

"हो."

"मंग रडून काहून राह्यल्या तुमी सगळ्या?"

*

पिक्चर संपला. चर्चा जोरात झाली. राऊत वहिनीसुद्धा बोलल्या. मॅडमना तर जुनं कॉलेज आठवलं असावं, उभ्या राहून त्यांनी खणखणीत आवाजात ठराव मांडला: "घरकाम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला सन्मान आणि आठवड्याची हक्काची सुट्टी मिळालीच पाहिजे, अशी हे मंडळ एकमुखाने मागणी करते."

सगळे हात वर. चिवड्याची वेळ झाली होती. मॅडमनी हात मोजले, तर एक जास्त भरला. दाराशी शोभा होती. एका हातात रिकामा ट्रे, दुसरा हात वर.

"मंजूर," मॅडम सवयीने म्हणून गेल्या.

"मंग ह्या रईवारपासून ना जी?" शोभाने विचारलं.

आतापर्यंत जहाजांनी कधी उलट विचारलं नव्हतं. सबनीस काकू राऊत वहिनींकडे बघतात, राऊत वहिनी मॅडमकडे, आणि मॅडम छताकडे.

"हे बघ शोभा," मॅडम शेवटी म्हणाल्या, "ठराव तत्त्वतः मंजूर झाला आहे."

"म्हंजे हो ना?"

"तत्त्वतः... हो."

"मंग रईवारी मी येत नाई जी," शोभा म्हणाली. "तत्त्वतः." आणि कप गोळा करून आत गेली.

*

संध्याकाळपासून फोन सुरू. राऊत वहिनींचा पहिला. "मॅडम, थो ठराव अमेरिकेसाठी होता ना? मंग हिनं काहून हात वर केला?"

सबनीस काकूंनी सुचवलं, सुट्टी जरूर द्यावी, फक्त सकाळी येऊन भांडी, झाडू आणि फरशी तेवढी करून जावं. राऊत वहिनींनी सुचवलं, सुट्टी अमावास्येला द्यावी, त्या दिवशी तसंही कोणी येत-जात नाही. मी बुधवार सुचवला आणि स्वतःलाच शहाणी समजले. बुधवारी होस्टेलचं फाटक उघडत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

शेवटी राऊत वहिनींनी शोभाला समोर उभं करून सांगितलं, "रईवारी नाई आली तं सोमवारी नको येऊ. मले दुसरी बाई भेटते."

शोभाचं घर या चार घरांवर चालतं. पोरीचं होस्टेलही. तिने पदराला हात पुसले. आवाज थोडा कापला, असं वहिनी स्वतःच नंतर म्हणाल्या. पण बोलली. "पाहा मंग दुसरी, ताई. काढाचं असन तं काढा. मी वणीले जातो."

वहिनींनी खरंच दुसरी बाई बोलावली. ती आली, ओसरीत उभी राहिली, घर बघितलं, माणसं किती ते विचारलं. आता वहिनी आडनाव विचारणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "रईवारी सुट्टी हाये ना जी? तुमच्या कॉलनीत ठराव झाला म्हंते."

एका रात्रीत बातमी सगळ्या कामवाल्या बायांपर्यंत पोचली होती. आमचा एवढा एकच ठराव गावभर गेला.

*

मग मॅडमनी ठराव दुरुस्त करायला खास बैठक बोलावली. आमच्या नियमाप्रमाणे बैठकीला निदान पाच जणी लागतात, आणि दुरुस्ती होईपर्यंत मूळ ठराव लागू. सगळ्यांना मोकळा वार म्हणून रविवार ठरला. सकाळी अकरा.

मी वेळेवर पोचले. घरची भांडी सिंकमध्ये भिजत टाकली होती. हॉलमध्ये मॅडम एकट्या. खुर्च्यासुद्धा मांडलेल्या नाहीत. साडेअकरा झाले तरी कोणी येईना, तेव्हा मॅडमनी फोन लावायला घेतले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

राऊत वहिनींनी उचलला. मागे भांड्यांचा खणखणाट. "कशी येऊ मॅडम? आर्णीहून सात पाव्हणे आले ना. हात साबनात हायेत, खांद्यानं फोन धरून राह्यली."

सबनीस काकूंकडे साहेबांनी उचलला. "ती भांडी घासतेय. म्हणजे घासतोय मी, ती बघतेय."

बाकीच्यांकडेही तेच. त्यांच्या बायाही त्या दिवशी आल्या नव्हत्या. शोभाची सुट्टी रद्द करायला कोणालाच सुट्टी नव्हती.

"निदान आपण दोघी तरी खुर्चीवर बसू," मॅडम वैतागून म्हणाल्या. पण खुर्च्या मागच्या खोलीत, खोलीला कुलूप, आणि किल्ली कुठे असते ते शोभाला माहीत. मॅडमनी तिला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"शोभा, कुठे आहेस तू?"

"वणीले आली, मॅडम. होस्टेलात. पोरीसंग जेवून राह्यली." मागे मुलींची हसण्याबोलण्याची गडबड चालली होती. शोभाचा इतका मोकळा आवाज मी माझ्या घरात कधी ऐकला नव्हता. "थांबा जी, कोमलले बोलाचं हाये तुमच्यासंग."

मॅडम "अगं नको, किल्ली..." म्हणेपर्यंत फोन पोरीच्या हातात गेला होता.

"मॅडम, नमस्कार. मी कोमल. आईने सांगितलं, तुम्ही सगळ्यांनी हात वर करून सुट्टी दिली. माझ्या रूममधल्या मुलींना खरंच वाटत नव्हतं. त्यांच्यापण आया कामाला जातात ना." ती जरा थांबली. "मॅडम, एक विचारू? हे दर रविवारचं आहे ना? की आजच्यापुरतं?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी फरशीकडे.

"अभ्यास कर नीट," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. किल्लीचं विचारायचं राहूनच गेलं.

मग मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि रिकाम्या हॉलसमोर ताठ उभ्या राहून कॉलेजातल्या आवाजात म्हणाल्या, "आवश्यक सभासद हजर नसल्यामुळे आजची बैठक तहकूब करण्यात येत आहे."

"मग पुढची कधी?" मी विचारलं.

"रविवारी," मॅडम म्हणाल्या. "सकाळी अकरा. सगळ्यांना सोयीचं पडतं."