नंतर आठवण करून द्या

पॅराग्वेतल्या त्या लहानशा गावच्या जन्मनोंदणी कचेरीत निमियाबाई चौदा वर्षं एकाच खुर्चीत होत्या. खुर्ची दोनदा बदलली, बाई नाही.

संगणकावर रोज चौकट यायची: ब्राउझरची नवी आवृत्ती आली आहे. बाई रोज ‘नंतर आठवण करून द्या’ दाबायच्या. कारण नोंदणीची जुनी साइट नव्या आवृत्तीत उघडतच नव्हती. शेजारच्या गावाने घाई केली, आणि तिथे दोन महिने एकही दाखला निघाला नाही.

बदलीचा अर्ज मात्र नव्या आवृत्तीतच उघडायचा, तोही कचेरीतूनच. बाईंना लेकीकडे, एन्कार्नासिओनला जायचं होतं. आज शेवटचा दिवस, चार वाजेपर्यंत.

“दाबा की हो बाई!” रखवालदार एलिजिओने गार तेरेरे चहाचा पेला पुढे केला. “तुमच्यावाचून गावात पोरं जन्मायची थांबणार आहेत का?”

“तेच तर! थांबतायत कुठे मेली!”

बाईंनी माउसचा बाण नव्या आवृत्तीवर नेला, तोच एक बाप कडेवर तान्ही लेक घेऊन आत आला. दाखला हवा होता. उद्या राजधानीत तिचं ऑपरेशन. बाईंनी बाण मागे घेतला, दाखला छापून दिला आणि घड्याळ पाहिलं. चाराला दहा कमी.

बाप दारातून वळला. “पुढच्या महिन्यात बहिणीचे दिवस भरतायत. तुम्ही आहात ना, बाई?”

एलिजिओ भिंतीकडे बघू लागला.

“मी कुठे जातेय!” बाई हसून म्हणाल्या, आणि त्यांनी ‘नंतर आठवण करून द्या’ दाबलं.