अनुपान

कार्तिक वद्य पंचमी, सकाळचे सात. सूनबाई ओट्याशी उभ्या उभ्या अश्वगंधेची आणि जीवनसत्त्वांची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळत होती. ऑफिसच्या ताणाने तिची झोप उडाली आहे.

"अश्वगंधा चहाबरोबर? तिचं अनुपान दूध."

"बाबा, पोटात गेल्यावर सगळं एकच. आणि दूध निवेपर्यंत बसायला वेळ कुणाला आहे?"

औषध कशाबरोबर घ्यावे ते अनुपान. हा शब्द योजणाऱ्या वैद्याला माणसाची घाई ठाऊक असावी. गोळीचा गुण मी जाणत नाही. दूध निवेपर्यंत बसण्याचा गुण मात्र निश्चित आहे.

संध्याकाळी ती परतली. मी दूध चांगले उकळू दिले, पेला काठोकाठ भरला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.