पोहऱ्याचे निखार आणि माझं कोपर

साताऱ्याहून निघताना मी पिशवीत तीन वस्तू स्वतःच्या हाताने ठेवल्या: दुर्बीण, वही आणि चष्म्याचं जुनं घर. त्या घरात चष्मा नव्हता, कानाचं मशीन होतं. माझ्या लेकीने, मुक्ताने, ते दिवाळीत घेऊन दिलं होतं. मी ते दोनदाच घातलं होतं, आणि दोन्ही वेळा ती समोर बसली होती म्हणून.

आता खरं काय ते सांगून टाकते. साताऱ्यात दर रविवारी पक्षी पाहायला जाणारी आमची बारा-पंधरा जणांची मंडळी आहे आणि वीस वर्षं तिची म्होरकी मी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण माझं नाव झालं ते कानांमुळे. निखार म्हणून चिमणीहून लहान पक्षी असतो. पाठ राखाडी, छाती शेंदरी, आणि वावर कायम झाडाच्या शेंड्याला. त्याचा अगदी बारीक आवाज सगळ्यांत आधी मला यायचा. बाई थांबल्या की वर बघायचं, एवढं मंडळींना पाठ होतं.

गेले दोन हिवाळे मात्र आमच्या डोंगरावर मला एकही निखार ऐकू आला नव्हता. मग मी काय करावं? डोंगरावर उभं राहून अर्धा तास भाषण केलं. वणव्यांनी आणि बंगल्यांनी निखार हुसकावले, आता ते आपल्याला सोडून गेले, वगैरे. गावातल्या वर्तमानपत्रात पत्रही धाडलं. भाषणाच्या वेळी सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मी मनातून खूश झाले, की आपले शब्द लागले.

त्यानंतर मुक्ता मशीन घेऊन आली आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. गेलं कोण, निखार की माझे कान? अमरावतीजवळ पोहऱ्याच्या सागाच्या जंगलात निखार हमखास असतो, असं एका जाणकाराने सांगितलं होतं, आणि मुक्ताचं सासर नेमकं त्याच रस्त्यावर. तिथे तो ऐकू आला तर कान शाबूत आणि भाषण खरं. इतरांना आला आणि मला नाही, तर रविवारची म्होरकेगिरी संपली. मी हे कुणाला बोलले नाही. लेकीला भेटायला जाते, एवढंच सांगितलं.

सकाळी अकोला आलं आणि रेल्वेच्या खिडकीबाहेरची माती काळी झाली. तुरीची पिवळी फुलं, वेचणीला आलेला कापूस, मधेच एखादं बाभळीचं झाड. समोरच्या बाकावर मूर्तिजापूरला उतरणाऱ्या एक शेतकरी बाई होत्या. माझ्या गळ्यातली दुर्बीण त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि मी काय करते ते विचारून घेतलं.

"पाखरं पाह्याले इतक्या दूर? काहून, तुमच्याकडे पाखरं नाईत का?"

"होती. गेली," मी म्हणाले. त्यांनी हळहळून मला एक संत्रं दिलं. हे संत्रं मी फसवून मिळवलं होतं की काय, ते तेव्हा माझं मलाही ठाऊक नव्हतं.

बडनेऱ्याला व्याही, वसंतराव, न्यायला आले होते. त्यांची भाजीपाल्याची बागाईत शेती आहे, त्यामुळे मालवाहू गाडीला मेथीचा वास होता आणि मी दोन क्रेटच्या मधल्या सन्मानाच्या जागी, म्हणजे ड्रायव्हरशेजारी, बसून अमरावतीत शिरले. घरी विहीणबाई दारात उभ्या होत्या. कमलताई ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. वऱ्हाडात विहिणीला ईनबाई म्हणतात. आम्ही दोघीही एकमेकींना ईनबाईच म्हणत होतो, त्यामुळे हाक कुणी कुणाला मारली ते मुक्ताच्या नवऱ्याला शेवटपर्यंत कळत नव्हतं. जेवायला पाटवडीचा रस्सा होता, वर मूठभर सांभार (कोथिंबीर) आणि घाम फोडणारं तिखट. मी पाणी पीत, मान डोलवत जेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच जंगलात निघाले होते. ते जमलं नाही. कमलताईंनी स्वेटर घातला, डोक्याला मफलर गुंडाळला आणि माझं डावं कोपर धरलं. ते त्यांनी तीन तास सोडलं नाही.

पोहऱ्याचं जंगल म्हणजे काही घनदाट हिरवा अंधार नव्हे. सागाची पानं पिवळी पडून पायाखाली करकरत होती, नाल्याच्या कडेने तेवढी झाडी दाट. मोर दिसला, टकाचोर पक्षी दिसला, आणि एका पायवाटेवर बिबट्याचा ठसा दिसला. तो पाहून मी थबकले आणि कमलताई त्याला वळसा घालून पुढे निघाल्या. मला त्रास होता तो त्यांच्या हाताचा. चालताना मधेच त्या माझं कोपर करकचून दाबत. मी थांबून त्यांच्याकडे पाहिलं की त्या वर झाडाकडे पाहत असत. मला वाटलं, बाईंचे गुडघे दुखतात आणि सांगायचा संकोच आहे. मी चाल मंद केली. महानारायण तेल कोमट करून कसं चोळायचं तेही समजावलं.

निखार काही ऐकू आला नाही. म्हणजे तो इथूनही गेला होता. मला अगदी हायसं वाटलं, आणि एक पक्षी जगातून उठल्याचं हायसं वाटावं याची लाजही वाटली. वहीत मात्र मी ठळक अक्षरांत लिहिलं: निखार नाही.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, रोडग्यांचा बेत निघाला. विहीण जंगलाच्या तोंडाशी जाणार आणि घरचं कुणी सोबत नाही, हे वसंतरावांच्या दृष्टीने खानदानाला शोभणारं नव्हतं. एका गाडीत माझ्यासोबत सतरा जण चढले. त्यांचं शेत जंगलाला लागूनच आहे. तिथे पोचताच गोवऱ्या पेटल्या, आरात (विस्तवात) रोडगे (जाड कणकेचे गोळे) पुरले गेले, गंजात (मोठ्या पातेल्यात) वांगी पडली, आणि सतराही जण एका वेळी बोलू लागले. मला पक्षी दिसावेत म्हणून वसंतराव मधूनमधून सगळ्यांना गप्प बसायला सांगत, आणि एवढा मोठा आवाज दुसऱ्या कुणाचाच नव्हता. धूर वर चढला. धुराने उठलेले किडे टिपायला कोतवाल पक्षी आले, ते मी सगळ्यांना दाखवले. माझा मान वाढला.

एवढ्यात मुक्ताने वर बोट दाखवलं. मग तिच्या नणंदेने, मग वसंतरावांनीही. सगळे ऐकत होते. मी दुर्बीण उचलली. बांधावरच्या सागाच्या शेंड्यावर, धुरापासून जरा बाजूला, शेंदरी छातीचा निखार बसला होता. चोच उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

मी मान हलवून हसले, वांग्यांचं कौतुक केलं आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे गेले. तिथे एका पाइपवर बसून मी रडले. पक्षी समोर होता आणि दार मात्र माझ्या बाजूने बंद झालं होतं. निखारांवर मी केवढं बोलले होते! नाक पुसलं, चष्म्याचं घर उघडलं आणि मशीन कानात घातलं, वरून केस ओढून घेतले.

पहिल्यांदा ऐकू आली ती फोडणी. मग बांगड्या, मग सतरा माणसं, मग वसंतराव. मी घाबरून सरळ जंगलाच्या वाटेला लागले. पन्नास पावलांवर कमलताईंनी मला गाठलं आणि त्यांचा हात नेहमीच्या जागी आला. आम्ही नाल्यापाशी थांबलो. वाऱ्याने सागाची पानं वाजली. इतक्या वर्षांत ती मला कधी एवढी वाजली नव्हती.

आणि तो आवाज आला. बारीक, स्वच्छ, तोच. त्याच क्षणी माझं कोपर दाबलं गेलं.

पुन्हा आवाज, पुन्हा दाब. तिसऱ्या वेळी मी आवाजाकडे नव्हे, त्यांच्याकडे पाहिलं.

"ईनबाई, काल पण?"

"काल तर बावीस खेपा ओरडलं ते," कमलताई म्हणाल्या. "दाबून दाबून माहा हात दुखला. अन् तुमी मले तेल सांगून राह्यल्या."

मुक्ताने सांगितलं का, असं मी विचारलं. तिने चकार शब्द काढला नव्हता. त्यांच्या सासूबाईंना बारा वर्षं ऐकू येत नव्हतं. दारात कुणी आलं, दूध उतू चाललं, सगळं कमलताई त्यांना असंच कोपर दाबून सांगत.

"मग मला बोलला का नाहीत?"

"पाव्हणीले कसं म्हणावं? पण पयल्याच दिवशी समजलं. तुमी जेवताना लय मान हलवत होत्या. ज्याले ऐकू येत नाई, तोच जास्त मान हलवते."

मला हसू फुटलं ते आवरेना. मग आम्ही रोडगे खायला परतलो. मी केस मागे घेऊन गच्च अंबाडा बांधला. मशीन सतरा जणांनी पाहिलं, आणि वसंतरावांनी आपलाही उजवा कान तपासायचा आहे असं सगळ्यांसमोर कबूल केलं. वहीतलं ते पान मी फाडलं नाही. ठळक अक्षरांच्या खाली लिहिलं: किमान बावीस वेळा.

साताऱ्यात परतल्यावरच्या पहिल्या रविवारी मी अंबाडा घालूनच डोंगरावर गेले. दहा मिनिटांत डोक्यावर निखार आला. मी थांबले आणि सगळं सांगून टाकलं. म्होरकेगिरी दुसऱ्या कुणाकडे द्या, असंही म्हणाले. मंडळी पायाशी बघू लागली. शेवटी आमच्यातले सर्वांत वडीलधारे आप्पा खाकरले. "बाई, तुमच्या भाषणाच्या वेळीसुद्धा दोन निखार वरच होते. वर पाहवेना म्हणून आम्ही खाली पाहत होतो. पण तुम्ही बोलत इतकं छान होतात." म्होरकेगिरी कुणी घेतली नाही. मी वर्तमानपत्राला दुसरं पत्र धाडलं आणि त्यात स्पष्ट लिहिलं, की निखार जागेवर आहेत, ऐकणारीच काही दिवस गैरहजर होती.

बडनेऱ्याचं मात्र मी मंडळींना सांगितलं नाही, ते इथे लिहिते. निघायच्या दिवशी फलाटावर कमलताई माझ्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. मशीन माझ्या कानात होतं. चहावाले, सामानाच्या चाकांची घरघर, लांबून येणारी गाडी, सगळं मला ऐकू येत होतं. अचानक माझं कोपर दाबलं गेलं, चांगलं जोरात. मी सवयीने वर पाहिलं. पत्र्यावर पाहिलं, तारांवर पाहिलं, पलीकडच्या कडुलिंबात पाहिलं. कुठेच पक्षी नव्हता. कमलताई गाडीकडे बघत होत्या, आणि हात सोडत नव्हत्या.