राळ्याची कणसं

लढाईच्या दिवसांत राहात्याला मास्तरकी करताना मी एका भाड्याच्या खोलीत राहायचो. खिडकीमागच्या परसात एक म्हातारा दिसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माणसं रेशनच्या धान्यासाठी रांगा लावत होती आणि हा गृहस्थ डाळिंबाच्या झाडाला राळ्याची कणसं बांधत होता, मुनिया पाखरांसाठी!

बांधून झालं तरी स्वस्थ बसणं नाही. उठायचा, कणीस फिरवायचा, पाण्याचं परळ सरकवायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. बघून मलाच कावल्यासारखं व्हायचं. एवढं करून मुनिया उतरल्या, की त्याचा हात गोफण फिरवावी तसा आपसूक डोक्यावर जायचा आणि घशातून आरोळी निघायची, "हाऽऽ हाऽऽ!" पाखरं भुर्र.

"अहो बाबा, मग बोलावता कशाला?" एकदा मी वैतागून विचारलं.

"जल्मभर आमी दोघांनी लोकांची बाजरी राखली, मास्तर. हाकलायचं तेवढं येतं," तो ओशाळून म्हणाला. "म्हातारी खाटंवर पडून हाय. बोलत न्हाई, खात न्हाई. दारातनं तिला ह्ये झाडच दिसतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं पंच्याचा बोळा दातांत धरला, हात मांड्यांखाली दाबले. मुनिया आल्या, कणसांना लोंबकळून दाणे टिपू लागल्या. म्हातारा थरथरत होता, पण हलला नाही.

एवढ्यात आतून, खाटेवरून, चिरका आवाज आला, "हाऽऽ हाऽऽ!"

पाखरं उडाली. म्हाताऱ्यानं तोंडातला बोळा काढला आणि पहिल्यांदाच भिंतीला टेकून निवांत बसला.