पाच इंग्रजी अक्षरांची बदली

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, राजभाषेच्या सेवेत असताना एका इमानदार माणसाची चक्क बादली झाली होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच टेबलावर झाली.

ऐंशीच्या आसपास मी नागपुरात सदरमधल्या एका निमसरकारी ऑफिसात टेलेक्स चालवायची. टेलेक्स म्हणजे दिसायला थोराड टाइपरायटरच. पण इथे कळ दाबली की अक्षर मुंबईच्या मुख्य ऑफिसातल्या कागदावरही उमटायचं, आणि मुंबईच्या माणसाने कळ दाबली की आमच्याकडे. समोर कुणी बसलेलं नसताना यंत्र आपोआप खडखडायला लागलं की नवीन माणसं दोन पावलं मागे सरत. मी सरत नसे. मला त्याचाच पगार होता.

त्या वर्षी वरून परिपत्रक आलं, की यापुढे सर्व संदेश मराठीतच पाठवावेत. यंत्राला कळा इंग्रजी अक्षरांच्या. त्याबद्दल परिपत्रकात काही नव्हतं. म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकू लागलो.

आमच्या बडेबाबूंची, म्हणजे हेडक्लार्कची, मुंबईला बदली झाली होती. सक्करदऱ्याच्या घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिची कूस बदलायची तीसुद्धा त्यांच्याच हाताने. तिला मुंबईला नेणं शक्य नव्हतं आणि सोडून जाणं त्याहून नव्हतं. बदली रद्द करा म्हणून त्यांनी अर्ज धाडला होता. सोमवारी मुंबईत हजर व्हायचं, शुक्रवार उजाडला तरी उत्तर नाही. त्याच सुमारास साहेबांनीही मुंबईला एक मागणी पाठवली होती. आगीसाठी जिन्याखाली तीन लाल बादल्या टांगलेल्या असत, त्यातली एक चोरीला गेली होती. ती हवी होती.

शुक्रवारी अकराला यंत्राची घंटी वाजली. कागदावर उमटलं: BADLI RADDA.

"बडेबाबू, बदली रद्द!" मी ओरडले. ते हातातली फाइल टाकून आले. मागून साहेब आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"बाई, ही बादली आहे."

"बदली आहे, साहेब."

"मुंबईवाल्यांनी आजवर कुणाची बदली रद्द केलीये? वस्तू रद्द करायला मात्र ते एका पायावर तयार असतात."

बडेबाबूंचा चेहरा उतरला. "विचारा वं बाई, लवकर विचारा."

मी ठोकलं: KONTI BADLI. उत्तर आलं: TUMCHI.

"झालं!" साहेब म्हणाले. "तुमची म्हणजे ऑफिसची. ऑफिसची बादली."

"तुमची म्हंजे माही, साहेब. माह्या एकट्याचाच तं अर्ज होता!"

मग मी, आजही ज्याचा मला अभिमान वाटतो, तो प्रश्न टाकला: PANYACHI KI MANSACHI.

पलीकडचा गृहस्थ एका बोटाने टाइप करायचा. बऱ्याच वेळाने एक अक्षर आलं. M.

"एम! माणसाची!" सगळं ऑफिस माझ्या खुर्चीमागे जमलं होतं, ते एका सुरात ओरडलं. बडेबाबूंनी यंत्राला हात जोडले. साहेबांनी मोठ्या मनाने बादलीवर पाणी सोडून त्यांच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात पुढचं अक्षर आलं. O. मग पुन्हा M.

MOM म्हणजे टेलेक्सवाल्यांच्या भाषेत 'जरा थांबा'. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि मलाच सांगावं लागलं.

"म्हंजे कोनाची?" बडेबाबूंनी विचारलं.

"अजून कोणाचीच नाही. तो आत विचारायला गेलाय."

वीस मिनिटं कुणी जागेवर गेलं नाही. चहा आला, गार झाला, परत गेला. बडेबाबू कोऱ्या कागदाकडे बघत उभे होते. मग यंत्र हललं. M. या खेपेला सगळे पुढच्या अक्षरासाठी कागदावर वाकले. A. N. S. बडेबाबूंचे ओठ प्रत्येक अक्षराबरोबर हलत होते.

MANSACHI RADDA.

ते माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले, रुमाल काढला आणि चेहऱ्यावर धरून ठेवला. आम्ही सगळे उगाच छताच्या पंख्याकडे बघू लागलो.

यंत्र पुन्हा खडखडलं: SOMVARI BADLI PATHAVTO.

"ही मात्र माझी!" साहेब खुशीत म्हणाले. पण बडेबाबूंनी रुमालाआडून वाचलं होतं ते एवढंच, की सोमवार आणि BADLI. ते स्टुलासकट उठले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"पाठवू नोका म्हना वं! कोनतीच पाठवू नोका! आग लागली तं मी ओंजळीनं इझोतो!"