गमत नसन तुले

गोंदियाच्या बाजारामागच्या गल्लीत पुष्पांजली पटले आणि तिची मैत्रीण राखी यांनी भेटवस्तूंचं दुकान टाकलं, तेव्हा विकायची प्रत्येक वस्तू आपल्याच हातची, असा दोघींचा हट्ट होता. राखी चित्रं काढायची. पुष्पांजली ती लाकडी ठशांवर कोरून पिशव्यांवर, रुमालांवर उमटवायची. धानाच्या लोंब्या, तळ्यातली कमळं, मोहाची फुलं. मग राखी लग्न होऊन बंगळुरूला गेली. "चित्रं पाठवत राहीन," म्हणाली होती. वर्षभर पाठवली, मग तीही आटली.

पुष्पांजली जुनेच ठसे उमटवत राहिली. गिऱ्हाईक डोकावायचं, "दीदी, टेडी नहीं है क्या?" विचारून पुढे जायचं. दुपारी ती दाराकडे तोंड करून डबा खायची. कुणी आलंच तर दिसावं म्हणून.

एका दुपारी देवरीकडची मंगलीबाई आली. लेक रायपूरला नर्स, तिच्यासाठी मोहाच्या फुलांची पिशवी तिने निवडली. "इच्यावर दुर्गा असं नाव टाकून देतेस का?"

पुष्पांजली रंगवायला बसली. मंगलीबाई स्टुलावर टेकून लेकीच्या खोड्या सांगत राहिली. मध्येच थांबून म्हणाली, "तू एकलीच रायतेस इथं?"

"हो."

"साऱ्याइले देनं तू बनवतेस. तुले कोन देते वो?"

पुष्पांजली हसली. "कोणी नाही."

"मंग गमत नसन तुले."

एकटीला करमतं का, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांना ती नेहमी 'मस्त चाललंय' सांगायची. आज खोटं बोलवेना. "नाही गमत," ती म्हणाली आणि मान खाली घालून नावाचा काना उगाच पुन्हा गिरवत राहिली.

मंगलीबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. रंग वाळला, तशी बस चुकेल म्हणून ती लगबगीने गेली. पुष्पांजलीने राखीला फोन लावला. "अगं, मीटिंगमध्ये आहे, करते नंतर."

तो फोन आलाच नाही. पुष्पांजलीने मात्र कागद ओढला आणि पहिल्यांदाच स्वतः चित्र काढलं: मांडीवर पिशवी घेऊन बसलेली बाई. बोटं जाडजूड आली. तरी तिने त्याचा ठसा कोरला, कापडावर उमटवून दारात टांगला.

पुढच्या आठवड्यात कॉलेजची एक मुलगी थबकली. "ये कौन है?"

"देवरीच्या एक बाई आहेत. त्या दिवशी काय झालं..."

मुलीचा फोन वाजला. ती बोलत बोलत गल्लीबाहेर गेली.